फ्रिजची पाठराखण

आरव्ही म्हणजे चाकांवरचं वन-रूम-किचन. ओटा, बेड, टॉयलेट, शॉवर, सगळं एकाच गाडीत. अमेरिकेतले रिटायर्ड आजी-आजोबा त्यात महिनोन्‌महिने भटकतात. हॉलिवूडच्या सिनेमात ती जाम रोमँटिक दिसते. सिनेमात तिचा फ्रिज कुणी उघडून बघत नाही, हे त्याचं कारण असावं!

माझा आत्तेभाऊ फिनिक्सला असतो. ॲरिझोनातलं हे शहर म्हणजे उन्हाचं हेड ऑफिसच. 2023 मध्ये तिथे सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या पुढे होता. आपल्या चंद्रपूरकरांनीही कानाला हात लावावा! दादाने एक जुनी आरव्ही सेकंडहँड घेतली होती. त्यातून जूनमध्ये दादा, वहिनी, आत्या आणि मी असे चौघं ग्रँड कॅन्यनला निघालो. पहिला मुक्काम लेक हवासू सिटी. (लंडनचा जुना पूल सुटा करून, त्याचे दगड इथे आणून 1971 मध्ये भर वाळवंटात उभा केलाय, ते हे गाव. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं.)

संध्याकाळी बाहेर 45 आणि फ्रिजमध्ये 12. दही-काकडी गेली उडत, पण आत आत्याची इन्सुलिनची पेनं होती. नाशिकहून आणलेला तीन महिन्यांचा साठा. ‘घरी ठेवला आणि लाइट गेली तर?’ म्हणून तिने तो सगळा बरोबर घेतला होता. वापरात असलेलं पेन महिनाभर बाहेर चालतं, पण न उघडलेली पेनं 2 ते 8 अंशांतच टिकतात. परदेशात नवी घ्यायची म्हणजे डॉक्टर, प्रिस्क्रिप्शन आणि डॉलरमधलं बिल. दादाने नॉब फुल्ल केला. फ्रिज ढिम्म.

आता यातला फंडा समजून घ्या. हल्लीच्या बऱ्याच आरव्हींमध्ये 12 व्होल्टवर चालणारे कॉम्प्रेसरवाले फ्रिज येतात. दादाचा जुन्या पद्धतीचा, अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज. ऑफिसच्या टूरवर हॉटेलच्या रूममध्ये आवाज न करणारा मिनीबार बघितलाय ना? तो बरेचदा याच जातीचा असतो. 1922 मध्ये स्टॉकहोममधल्या दोन इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनी, बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी, तो शोधून काढला. यात कॉम्प्रेसर नाही, पंप नाही. आहे ती गॅसची ज्योत किंवा हीटर. म्हणजे विस्तवावर गारवा! तळाशी अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण तापतं. अमोनियाची वाफ फ्रिजच्या पाठीमागच्या नळ्यांत वर चढते, तिथे उष्णता बाहेर टाकून तिचा द्रव होतो. मग फ्रीझरच्या नळ्यांत, हायड्रोजनच्या सोबतीने, त्या द्रवाची पुन्हा वाफ होते आणि तेव्हा ती आतली उष्णता ओढून घेते.

थोडक्यात, आत गार हवं असेल तर पाठीमागून उष्णता बाहेर पडली पाहिजे. त्यासाठी खालच्या जाळीतून हवा आत येते आणि तापून छतातून बाहेर जाते, धुराड्यासारखी. बाहेरच 45 असेल तर हवेचा हा ओढा मंदावतो. मग नॉब कितीही फिरवा!

हे सगळं आम्हाला शेजारच्या आरव्हीतल्या ओरेगॉनच्या आजोबांनी समजावलं. रिटायर्ड मेकॅनिक. आधी त्यांनी गाडी वळवायला लावली, कारण मावळतीचं ऊन नेमकं फ्रिजच्या बाजूवर येत होतं. मग फ्रीझरमध्ये लेव्हल ठेवून गाडी समतल करायला लावली. आतला द्रव स्वतःच्या वजनानेच वाहतो. गाडी कलंडली की तो मध्येच तुंबतो. गॅस आणि वीज बंद करून खालची जाळी उघडली, तर आत गांधीलमाशीचं जुनं घर! ते काढलं. नळ्या आणि भिंत यांच्यात वीतभर फट होती, बरीचशी हवा नळ्यांना न शिवता तिथून निसटायची. तिथे पत्र्याचा आडोसा घातला, म्हणजे हवा नळ्यांमधूनच जाईल. शेवटी कॉम्प्युटरच्या डब्यात असतो तसा 12 व्होल्टचा छोटा पंखा, वरच्या नळ्यांखाली, हवा वर ढकलेल असा. ज्योतीवर वारा जाणार नाही, हे त्यांनी दोनदा तपासलं. अमोनियाच्या नळ्यांना मात्र हात लावायचा नाही. त्या फुटल्या तर विषारी वायू.

आतलं काम वहिनीचं. ठासून भरलेले डबे तिने कमी केले, हवा फिरायला जागा केली, सेलवर चालणारा एक पिटुकला पंखा ठेवला. (निघायच्या आदल्या रात्रीच फ्रिज चालू करून गार सामानच भरायचं, हा धडा मात्र पुढच्या ट्रिपसाठी.)

हा फ्रिज सावकाश गार होतो, त्यामुळे रात्री झोप कुणालाच नव्हती. दादा तासातासाला उठून थर्मामीटर बघत होता. अकरा... नऊ... पहाटे सहा.

तिसऱ्या दिवशी ग्रँड कॅन्यनला पोहोचलो. साउथ रिम सुमारे सात हजार फुटांवर, हवा मस्त गार, आणि फ्रिजमध्ये दोन अंश! आम्ही टाळ्या पिटत होतो, तर आत्या उठली आणि तिने पेनांचा डबा फ्रिजच्या आतल्या गार पत्र्यापासून ओढून दाराजवळ आणला. “गोठलेलं इन्सुलिनही फेकावंच लागतं रे,” ती म्हणाली, “तेवढा नॉब आता कमी कर.”