एक वार, दोन वार...

माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे ‘लिलाव’ म्हटलं की मनात आधी त्याचं ‘ऑक्शन’ करावं लागतं. पण गेल्या मे महिन्यात हा शब्द मला पक्का कळला, अगदी खिशासकट!

फायनल इयरच्या मुली हॉस्टेल सोडताना सामान विकून जातात. या वेळी कॉम्प्युटरच्या एका सिनियरने त्यासाठी चक्क वेबसाइट बनवली. टोपणनावाने बोली लावायची, रात्री दहाला बंद. मला बास्केटवाली सायकल हवी होती. जास्तीत जास्त १५०० रुपये, असं वहीच्या मागच्या पानावर लिहूनही ठेवलं.

पावणेदहाला माझी बोली १४०० वर सगळ्यात वर होती. सायकल जणू माझीच! तेवढ्यात कुणा ‘टायगर’ने १६०० टाकले. असा राग आला! मी १७००, टायगर १८००... एवढे देतोय म्हणजे सायकल नक्की तेवढ्याची असणार, असंही वाटलं. शेवटी २७०० ला मी जिंकले. पैसे आईने मेससाठी पाठवलेले.

“मग आता सायकलच खा,” आई म्हणाली. वर ट्यूब आणि ब्रेकच्या वायरचे ३५० रुपये. ते तर मी धरलेच नव्हते.

नंतर (नेहमीप्रमाणे नंतरच!) वाचलं. ईबेवर आपला कमाल आकडा एकदाच गुपचूप द्यायचा. कॉम्प्युटर आपल्यासाठी गरजेपुरतीच बोली चढवतो, म्हणजे जिंकणारा साधारणपणे दुसऱ्या नंबरच्या आकड्यापेक्षा एकच पायरी जास्त देतो. यामागचं गणित विल्यम विक्री यांनी १९६१ साली मांडलं होतं, पुढे १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यामुळे खरा आकडा आधीच टाकायचा आणि झोपायचं. पोस्टेज, दुरुस्ती त्यातून आधीच वजा. आणि १५०० ऐवजी १५२१, कारण गोल आकडा सगळ्यांनाच सुचतो. काही जण मुद्दाम शेवटच्या सेकंदाला बोली लावतात. माझ्यासारख्यांना चिडायला वेळच मिळू नये म्हणून!

तीन आठवड्यांनी मेसमध्ये रूममेट म्हणाली, “अगं, ती सायकल मलाही हवी होती. पण कुणीतरी वेड्यासारखी वाढवतच सुटली.”

“टायगर?” मी विचारलं.

तिचा घास हातातच राहिला. त्या रात्री लाइट घालवून, एकमेकींकडे पाठ करून, दोघी मोबाइलवर!

तिने निम्मे, १३५० रुपये दिले. मेसचं बिल दंडासकट भरलं. परवा ब्रेकची वायर परत तुटली. ती तिच्या वाटणीची.