माजघरांत उजेड

गेल्या आश्विनांत, दसरा आटोपल्यावर दुसऱ्याच दिवशीं, आम्हांस सहकुटुंब वऱ्हाडची वाट धरावी लागली. बुलढाणें जिल्ह्यांत, मेहकर तालुक्यांत, पैनगंगेच्या कांठीं एक लहानसें खेडें आहे. तेथें आमच्या आत्याबाईंचें सासर. आतेभाऊ दादा यांचा निरोप आला होता कीं, दिवाळीनंतर जुना वाडा पाडून त्या जागीं सिमेंटचें घर बांधावयाचें घाटत आहे. तरी एकदां येऊन पाहून जावें, आणि सागवानी खांब, तांब्यापितळेचीं भांडीं यांपैकीं कांहीं हवें असल्यास सांगावें. निरोप साधाच होता. परंतु बालपणच्या सुट्या ज्या घरांत गेल्या, त्याचे खांब वांटून घ्यावयास जाणें आम्हांस सुतकास जाण्यासारखेंच वाटलें.

समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाल्यापासून मेहकर आतां दूर राहिलेलें नाहीं. तरीही आम्हीं मुद्दाम जालन्याहून सिंदखेड राजा व सुलतानपूर असा जुना रस्ता धरिला. सिंदखेड राजास लखुजी जाधवरावांच्या वाड्याचा उंच दरवाजा अजून उभा आहे. ज्या जागीं १५९८ सालीं जिजाबाईंचा जन्म झाला ती जागा पाहून, भिंतींची रुंदी हातानें मोजून, मुलें गप्प झालीं. पुढें सुलतानपुराहून वांकडी वाट करून लोणारास गेलों. उल्केच्या आघातानें काळ्या पाषाणांत पडलेलें तें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर आणि त्यांतील खारट सरोवर यांविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं, आम्ही त्यांत भर घालीत नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें गावांतील दैत्यसूदनाच्या मंदिराविषयीं.

बाहेर रणरणतें ऊन, आणि सभामंडपांत पाऊल टाकतांच समोरचें कांहींच दिसेना. चार-दोन क्षण तसेच उभे राहिलों, तों छतावरचीं शिल्पें एकेक करून वर येऊं लागलीं. मे महिन्यांत कांहीं दिवस येथें सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यांतील मूर्तीवर पडतात, आणि तो किरणोत्सव पाहण्यास लोक गर्दी करतात. आम्हांस तो योग नव्हता. पण ज्या कारागिरांनीं एवढा काळोख बांधला, त्यांनीं उजेड कोठून व केव्हां आंत घ्यावयाचा याचाही हिशेब ठेविला होता, ही गोष्ट मनांत घर करून राहिली.

आत्याबाईंच्या वाड्यांत शिरलों तेव्हां सकाळचे अकरा वाजले होते. जोतें दगडी, वर पांढऱ्या मातीच्या दोन हात रुंद भिंती, त्यांवर धाबें. म्हणजे सागवानी सरे, सऱ्यांवर कड्या, कड्यांवर काड्यांचा थर आणि त्यावर हातभर माती. ढेलजेंतून चौकांत यावें, चौकांतून ओसरीवर, आणि ओसरीवरून उंबरठा ओलांडून माजघरांत. हा उंबरठा ओलांडला कीं दिवस संपे! आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं मोबाईलचा दिवा लावून देवघर शोधलें. भिंती शेणामातीच्या सारवणानें आणि कित्येक वर्षांच्या धुरानें काळ्याभोर झालेल्या. सरे डांबर फांसल्यासारखे. कोपऱ्यांत कणग्या, उतरंडी, मोडका पाळणा, जुन्या गाद्यांची चळत, आणि या सर्वांवर एक पिवळट दिवा.

असलीं घरें बांधणारीं माणसें मंद होतीं असें शहरांतल्या मंडळींस वाटतें. आम्हांसही लहानपणीं वाटे. पण जरा विचार करावा. मेहकराकडे वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जातो; रुंद मातीची भिंत आणि हातभर मातीचें धाबें दुपारची आग आंत येऊं देत नाहींत. बाहेरच्या भिंतीस खिडकी म्हणजे झळेस आमंत्रण. दुसरी गोष्ट चोरांची. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त १८१७-१८ च्या मोहिमेंत झाला खरा. तरी ज्या मुलुखानें त्यांच्या टोळ्या पाहिल्या, त्या मुलुखांतील घर रस्त्याकडे पाठ करून आणि चौकाकडे तोंड करूनच बसणार. तिसरी गोष्ट धान्याची. ज्वारी बळदांत आणि पेवांत ठेवावयाची. तिला कोरडा अंधारच मानवतो. तेव्हां या घरांतला काळोख आळसाचा नव्हे, विचाराचा होता. आज मात्र पेंढारी नाहींत, पेव बुजलेलें, चूल जाऊन गॅस आलेला. धूर गेला, काजळी तेवढी मागें राहिली!

दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं विषय निघालाच. दादांच्या मुलानें, म्हणजे आत्याबाईंच्या नातवानें, आराखडा काढून आणला होता: चार खोल्या, वर स्लॅब, खर्च सुमारें २८ लाख. त्यांतले निम्मे कर्जाऊ. मुलगा हुशार आहे आणि त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. धाब्यावर दरवर्षीं मृगापूर्वीं खारी माती टाकावी लागते, आणि तें काम जाणणारीं माणसें आतां मिळत नाहींत. आम्ही जुन्या घराच्या बाजूनें दोन शब्द बोलूं लागलों, तोंच वहिनी पदरास हात पुसत म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही पाहुणे. तुम्हांला चार दिवस हें गोड लागतें. तीस वर्षें झालीं, मी तांदूळ निवडायला ओसरीवर बसतें, आणि पाऊस आला कीं सूप घेऊन आंत पळतें. आंत खडा दिसत नाहीं.” यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. आत्याबाई कांहींच बोलल्या नाहींत. वय ८४, डावा डोळा गेलेला, उजवा अधू. त्या माळ ओढीत बसल्या होत्या.

शेवटीं असें ठरलें कीं, वसुबारसेपर्यंत आम्हांस मोकळीक द्यावी. भिंत न फोडतां आणि कर्ज न काढतां माजघरांत खडा दिसेल इतका उजेड करून दाखवावा. न जमल्यास खांब घेऊन परत जावें. पैज थट्टेची, पण दादांच्या चेहऱ्यावरून ती त्यांस थट्टेची वाटत नव्हती हें आम्हीं पाहिलें.

पहिला दिवस अडगळ काढण्यांत गेला. त्याविषयीं काय सांगावें! प्रत्येक एकत्र कुटुंबांत ही यात्रा एकदां होतेच. दुसऱ्या दिवशीं नातू आणि आम्ही धाब्यावर चढलों. माजघराच्या मधोमध माती किंचित् खचलेली दिसली. उकरून पाहतों तों खालीं गंजका पत्रा, आणि पत्र्याखालीं चौकोनी लांकडी चौकट! तें साणें होतें. वरून उजेड आंत घ्यावा आणि धूर बाहेर जावा म्हणून धाब्यास ठेविलेलें तें छिद्र कोणा एका पावसाळ्यांत गळूं लागलें म्हणून बुजविलें गेलें होतें, आणि पुढें तें होतें ही आठवणही बुजली होती. पत्रा काढतांच खालून वहिनींचा “अगबाई!” असा आवाज आला. तेवढ्यानेंच आमचे श्रम फिटले.

साण्याची मौज अशी कीं, भिंतीच्या खिडकीस आकाशाचा एक तुकडाच दिसतो, तोही समोरच्या घरानें अर्धा झांकलेला. साण्यास सबंध आकाश मोकळें. म्हणून हातभर छिद्रही मोठ्या खिडकीचें काम करतें. सुतारानें चौकटीस काच बसविली. मात्र आमच्या शहाणपणानें चौकट धाब्याच्या पातळीलाच ठेविली, आणि कोजागिरीनंतर आलेल्या अवकाळी सरीनें आमच्या अंथरुणावरच अभिषेक केला. मग चौकटीभोंवतीं वीतभर उंच कट्टा घालून, काचेस एका बाजूस उतार दिला. खालीं धुरासाठीं ठेवीत तशी फट ठेविली, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर पडते.

परंतु काळ्या भिंती वरून आलेला उजेड गिळूनच टाकतात. खरें काम चुन्यानें केलें. ताजी चुन्याची सफेती तिच्यावर पडलेल्या उजेडाचे दहांतील आठ वाटे परत फेंकते. काजळीची भिंत दहांतील एकही धड परत देत नाहीं. हा हिशेब नातवास पटला, कारण तो आंकड्यांचा होता. कळीचा चुना रांजणांत दोन दिवस भिजविला, फडक्यानें गाळला, त्यांत थोडें डिंकाचें पाणी व चिमूटभर नीळ घातली. मातीच्या भिंतीवर चुना एकदम धरत नाहीं. आधीं काजळी कुंच्यानें झाडावी, पांढऱ्या मातीचा एक पातळ हात द्यावा, तो वाळल्यावर भिंत ओली करून चुन्याचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिल्यास आठ दिवसांत पोपडे निघतात. चुना हवेंतील कर्बवायु शोषून पुन्हां दगड बनतो, त्यामुळें तो दिवसागणिक अधिक घट्ट व पांढरा होतो. प्लास्टिकचा रंग देण्याचें नातवाच्या मनांत होतें. पण मातीची भिंत श्वास घेते, तिचें तोंड बांधलें तर आंतल्या आंत ओल धरून फुगते.

सऱ्यांस मात्र आम्हीं रंग लावूं दिला नाहीं. सोड्याच्या पाण्यानें काजळी धुतली, आणि जवसाच्या तेलाचा हात दिला. जवस वऱ्हाडचेंच. खालून जो तांबूस सागवान निघाला तो पाहून दादा बराच वेळ मान वर करून उभे होते. त्यांनीं तो जन्मांत पाहिला नव्हता.

बाकीच्या गोष्टी किरकोळ. दारासमोरच्या फळीवर घांसलेलीं पितळी घंगाळें मांडलीं. चौकांतला उजेड त्यांवर पडून आंत उसळतो. गाद्यांच्या चळतीवर जुन्या नऊवारीचा पिवळा पडदा आला. जमीन सारवलेलीच ठेविली. पिवळट दिवा काढून लख्ख पांढरा दिवा आम्हीं मधल्या सऱ्यास टांगला आणि मोठी मर्दुमकी केल्यासारखे खुषींत झोंपलों.

दुसऱ्या दिवशीं तिन्हीसांजेला आत्याबाई देवघरांत निरांजन लावावयास निघाल्या आणि माजघरांत पडल्या.

हाड मोडलें नाहीं, ही देवाची कृपा. पण गुडघा सुजला, तीन दिवस अंथरुण धरावें लागलें, आणि आमच्या घशाखालीं घांस उतरेना. कारण उघड होतें. उंबरठ्यापासून सात पावलांवर डाव्या हाताला कणगी लागे. तिच्यावर हात ठेवून त्या वळत. मग उतरंड, मग खांब, मग देवघर. तीं सारीं आम्हीं अडगळ म्हणून हलविलीं होतीं. शिवाय तो लख्ख दिवा थेट त्यांच्या अधू डोळ्यांत चकाके, आणि होतें तेवढेंही दिसेनासें होई. उजेड केला होता आमच्यासाठीं. ज्या बाईनें ६७ वर्षें त्या घरांत काढलीं, तिला विचारलेंसुद्धां नव्हतें.

आम्ही पायांशीं बसून क्षमा मागूं लागलों, तेव्हां त्या म्हणाल्या, “अरे बाबांनो, मला घर डोळ्यांनीं नाहीं दिसत, हातानें दिसतें. उजेड करा, नको कोण म्हणतें? पण माझी कणगी मला परत द्या.”

कणगी परत आली, उतरंड परत आली. दोन्ही चुन्यानें पांढरीं करून. उंबरठ्यास आणि देवघराच्या पायरीस चार बोटें रुंद पांढरा पट्टा ओढला. तो त्यांच्या उजव्या डोळ्यास दिसतो. दिव्याचें तोंड वर, भिंतीकडे फिरविलें, म्हणजे उजेड पांढऱ्या भिंतीवरून परतून सगळीकडे सारखा सांडतो आणि डोळ्यांत शिरत नाहीं. यापुढें कोणतीही वस्तु हलवावयाची तर आधीं आत्याबाईंच्या अंथरुणापाशीं जाऊन विचारावें, असा नियम नातवानेंच केला. त्यांना विचारूं लागल्यावर कळलें कीं, साणें होतें हें त्यांना ठाऊक होतें! कोणीं विचारलें नव्हतें, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. नवी नवरी होऊन आल्या तेव्हां घरांत घड्याळ नव्हतें; साण्याचें ऊन सकाळीं पश्चिमेच्या भिंतीवर असे, तें सरकत सरकत उत्तरेकडच्या जात्यापाशीं आलें कीं सासूबाई पानें मांडावयास सांगत.

वसुबारसेच्या दिवशीं वहिनी सूप घेऊन माजघरांत बसल्या. कोणी कांहीं बोललें नाहीं. त्यांनीं दोन खडे वेंचून आमच्यापुढें ठेविले, आणि पुढचे तांदूळ निवडूं लागल्या. वाडा पाडण्याचें काय ठरलें हें आम्हीं विचारलें नाहीं, दादांनींही सांगितलें नाहीं. एवढेंच दिसलें कीं, नातू स्वयंपाकघरावरच्या धाब्यावर दोरी घेऊन मापें घेत होता, आणि परसदारीं नवें न्हाणीघर बांधण्यासाठीं गवंड्यास पाडव्यानंतर बोलाविलें होतें. खांबांचा विषय कोणीं काढला नाहीं.

निघतांना आत्याबाई काठी टेकीत ढेलजेपर्यंत आल्या. “आतां वैशाखांत या,” त्या म्हणाल्या. “तेव्हां ऊन जात्यापर्यंत येत नाहीं, साण्याखालींच सरळ उभें राहतें. मग मात्र वरून पाटी घालावी लागते हो. ती कुणीतरी आठवणीनें विणून ठेवायला हवी.”