कमवा, शिका आणि लिहून ठेवा

दर वर्षी कॉलेजं सुरू झाली की गावाकडच्या मुलामुलींचे फोन येतात. प्रश्न साधारण एकच असतो. “दादा, ‘कमवा व शिका’चा फॉर्म भरू का? त्या पैशात भागेल का?” मी सांगतो, फॉर्म जरूर भर. भागणार नाही, तरी भर. आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेव. हे ऐकून बरेच जण हिरमुसतात. त्यांना माझ्याकडून शिष्यवृत्ती, आंदोलन, निवेदन असलं काही ऐकायचं असतं आणि मी वहीची गोष्ट काढतो. या लेखात त्या वहीबद्दलच बोलायचं आहे, कारण निवेदनाची सुरुवात तिथूनच होते असं माझं मत आहे.

आपल्याकडे पैशाच्या हिशेबाबद्दल दोन प्रकारचे लोक बोलतात. पहिला प्रकार उपदेशकांचा. यांचं म्हणणं असं की गरीब मुलं गरीब राहतात कारण ती चहा पितात, मोबाईलला रिचार्ज मारतात. बचत करा, सगळं ठीक होईल. दुसरा प्रकार आपल्यातलाच आहे. हिशेब हे शेटजीचं काम, आपण व्यवस्था बदलायला निघालेली माणसं, आणे-पै काय मोजत बसायचे? माझं भांडण दोघांशीही आहे. पहिल्याला उत्तर गणितानं देता येतं. दुसऱ्याला एवढंच विचारावं की रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणारे बाबासाहेब कोणाचं काम करत होते?

आधी गणित. मी २०१२ मध्ये बी.ए.ला शहरात आलो. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून कॉट बेसिसवर राहिलो. ‘कमवा व शिका’त तासाला ३० रुपये, दिवसाला ३ तास. महिन्यात २३ दिवस काम भरलं तर २,०७० रुपये. घरून आई १,००० पाठवायची. एकूण ३,०७०. आता खर्च बघा. मेस १,५००, कॉट ८००, झेरॉक्स आणि वह्या १५०, साबण-तेल वगैरे १५०, रिचार्ज १००, गावी जाण्या-येण्यासाठी महिन्याकाठी बाजूला काढलेले २००. झाले २,९००. उरले १७०. यात चहा नाही, सिनेमा नाही, आजारपण नाही, नवीन चप्पल नाही. उपदेशकांनी यातलं काय कमी करायचं ते सांगावं.

पण खरी मेख पुढे आहे. हे काम वर्षभर नसतं. परीक्षा आली की बंद, सुट्टी लागली की बंद. दहा महिन्यांच्या शैक्षणिक वर्षात सात महिने काम मिळालं. म्हणजे वर्षाची कमाई १४,४९०. घरचे १०,०००. एकूण २४,४९०. दहा महिन्यांचा खर्च २९,०००. तूट ४,५१० रुपयांची. म्हणजे दर महिन्याला उरणारे ते १७० रुपये ही बचत नव्हतीच. परीक्षेच्या महिन्यात जेवायचं कसं, याची ती अर्धीमुर्धी सोय होती. मेसवाल्या मावशींकडे खाडे मांडून घेतले, संध्याकाळचं जेवण सोडलं तर आणखी शेदीडशे वाचायचे. अशी बचत मी अनेकांना करताना पाहिलं आहे. पोट मारून वाचवलेल्या पैशाला बचत म्हणणं हा शब्दाचा अपमान आहे. माझा नियम साधा आहे. मेसचे पैसे सगळ्यात आधी बाजूला काढायचे आणि त्यांना हात लावायचा नाही. उपाशी पोटी लायब्ररीत बसलेल्या मुलाला डुलकी लागते, ज्ञान नाही.

मग भारत सरकारची शिष्यवृत्ती? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे २०१० साली ठरलेले दर तेव्हा चालू होते. बी.ए., बी.कॉम.च्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला महिन्याला ५७० रुपये आणि बाहेर राहणाऱ्याला ३००. कॉटवर राहणारा मी बाहेरचाच. दहा महिन्यांचे ३,०००. ते आले तरी १,५१० रुपये कमीच पडतात. आणि ते त्या वर्षी आले नाहीत, पुढच्या वर्षी आले. मधली तूट मी लग्नसराईत केटरिंगवाल्याकडे वाढपी म्हणून जाऊन भरून काढली.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात घालण्यासाठी, चौथा अडीअडचणीसाठी राखून. विद्यार्थ्याचा कामधंदा म्हणजे शिक्षण. त्या हिशेबानं माझ्या ३,०७० मधले सुमारे १,५३५ रुपये पुस्तकं, फी, क्लास यांवर जायला हवे होते आणि ७६७ शिल्लक पडायला हवे होते. प्रत्यक्षात नुसतं जगण्याचा पहिला भागच बाकीचे तीन भाग गिळून बसला. धम्माचा हा सल्ला चुकीचा नाही. तो पाळता येईल एवढी मिळकत हातात नसणं, हा अन्याय आहे. आणि तो अन्याय किती रुपयांचा आहे, हे वही ठेवल्याशिवाय कळत नाही.

बाबासाहेबांचंच उदाहरण घेऊ. एल्फिन्स्टनमध्ये शिकताना त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना २५ रुपये मिळत होते. १९१३ मध्ये कोलंबियाला गेले तेव्हा तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती. लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला ते १९२० साली पुन्हा गेले, ते कशाच्या बळावर? सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असताना महिना ४५० रुपये पगारातून मागे टाकलेली शिल्लक होती. शाहू महाराजांची मदत होती. मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले ५,००० रुपये होते. आणि इकडे मुंबईत रमाईंनी ओढलेला संसार होता. म्हणजे शिल्लक, शिष्यवृत्ती, मैत्री आणि घरच्यांचा त्याग, हे चारही लागले. केवळ काटकसरीनं कोणी लंडनला जात नाही. बचत शिष्यवृत्तीला पर्याय होऊ शकत नाही, हे बाबासाहेबांच्या आयुष्यानंच सांगितलं आहे.

आता कामाबद्दल. ‘कमवा आणि शिका’ म्हटलं की कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव येतं, आणि ते यायलाच हवं. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सुरू केलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि सगळी कामं मिळून करत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. त्या योजनेचा जीव कशात होता? श्रमात होता, तसाच पंगतीत होता. सगळ्यांच्या हातात कुदळ आणि सगळ्यांच्या हातात पुस्तक.

आमच्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात कामाची यादी लागली. कार्यालय, संगणक कक्ष आणि ग्रंथालयात कोण, आणि आवार झाडणे, झाडांना पाणी घालणे, बाकं उचलणे यांत कोण, हे आडनावं वाचली तरी कळत होतं. एकानं विचारलं तेव्हा यादी करणारे गृहस्थ अगदी सहज म्हणाले, “तुम्हाला मेहनतीची सवय असते ना.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हेच जास्त भयंकर होतं. जात कामं वाटत नाही, ती माणसंच वेगवेगळ्या कप्प्यांत टाकते, हा बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडलेला विचार मी पुस्तकात नंतर वाचला. नोटीस बोर्डावर आधी वाचला होता.

झाडू हातात घेण्यात कमीपणा नाही. पण एकाच्या हाती कायम झाडू आणि दुसऱ्याच्या हाती कायम कीबोर्ड असेल, तर तीन वर्षांनी एकाकडे संगणकाचा अनुभव असतो आणि दुसऱ्याकडे फक्त पाठदुखी. तासाला ३० रुपये दोघांनाही मिळतात, तरी मोबदला सारखा नसतो. म्हणून आम्ही कामं दर महिन्याला पाळीपाळीनं बदलावीत अशी मागणी केली. ग्रंथालयापुरती ती मान्य झाली. कार्यालय आणि संगणक कक्ष शेवटपर्यंत सुटला नाही.

वहीचा खरा उपयोग झाला तो ऑगस्टच्या पगाराला. मी रोज काम संपलं की तारीख, वेळ, काम आणि तास लिहीत होतो. माझ्या वहीत ६६ तास होते. खात्यात ५४ तासांचे पैसे आले. ३६० रुपये कमी. एकट्यानं विचारलं असतं तर “मस्टरवर जेवढं आहे तेवढंच” हे उत्तर ठरलेलं होतं. आमच्यातले ११ जण वही ठेवत होते. सगळ्यांच्या वह्या एकत्र मांडल्या, मस्टर मागितलं, तारखा जुळवल्या. एकूण ९७ तास गळाले होते. २,९१० रुपये. म्हणजे एका मुलाचा अख्ख्या महिन्याचा खर्च. त्या दिवशी घोषणा दिल्या नाहीत, फक्त वह्या टेबलावर ठेवल्या. पुढच्या महिन्यात फरकाची रक्कम जमा झाली.

ही गोष्ट बारीक वाटेल. पण जरा मागे जाऊन बघा. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं, त्यामागचं दुखणं काय होतं? कामाला तासांची सीमा नव्हती, मोबदला ठरलेला नव्हता, आणि घरातला एक हजर नसेल तर दुसऱ्याला राबावं लागत होतं. किती राबलो आणि किती मिळालं, हे आपल्या आज्या-पणज्यांनी कुठं लिहून ठेवायचं होतं? लिहिताच येऊ दिलं नव्हतं. आज आपल्या हातात पेन आहे. आपले तास आपण लिहिणार नसू तर ते लिहिण्याचा हक्क आपण पुन्हा दुसऱ्याच्या हाती देतो.

म्हणून वहीत ‘आले’ आणि ‘गेले’ असे दोन रकाने पुरत नाहीत. तिसरा रकाना ‘येणे’चा ठेवा. काम केलेले पण न मिळालेले तास, अडकलेली शिष्यवृत्ती, अनामत रक्कम, सगळं तिथं तारखेसह लिहा. समाज कल्याण कार्यालयात “पैसे लवकर द्या” म्हणणारा रोजच येतो. अमुक तारखेपासून इतकी रक्कम येणे आहे आणि त्यामुळे इतक्या महिन्यांचं मेसचं बिल थकलं, असं लिहून आणणाऱ्याला टाळणं अवघड जातं.

आम्ही पाच खोलीमित्रांनी आणखी एक केलं होतं. पगार झाला की प्रत्येकी ५० रुपये एका डब्यात. महिन्याला २५०. त्यातून बिनव्याजी उसने मिळत, फक्त तीन कारणांसाठी : परीक्षेचा फॉर्म, आजारपण आणि घरी काही वाईट घडलं तर प्रवास. वाढदिवसाला नाही, मोबाईलला नाही. एकाचा परीक्षा फॉर्म त्या डब्यानं वाचवला. नाहीतर त्याचं वर्ष गेलं असतं. जयंतीच्या डीजेला ५०१ ची पावती फाडणाऱ्या भावांना माझं सांगणं आहे, त्यातले ४०० असल्या डब्यात टाका. जयंती १४ एप्रिललाच साजरी होईल आणि मग परीक्षेच्या दिवशीही होईल. मी स्वतः महिन्याला २० रुपये वेगळे ठेवायचो, डिसेंबरमध्ये चैत्यभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलसाठी. सरकारनं छापलेले बाबासाहेबांचे खंड स्वस्त मिळतात. ही चैन मी कधी कापली नाही.

काही व्यावहारिक गोष्टी. किमान शिलकीची अट नसलेलं मूलभूत बचत खाते प्रत्येक बँकेला द्यावं लागतं, ते मागून घ्या. नाहीतर दंडापायी शिष्यवृत्तीतलेच पैसे कापले जातात. थेट जमा होणारी रक्कम आधारशी सर्वात शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, म्हणून मोहात पडून चार ठिकाणी खाती उघडू नका. मुलींना खास सांगतो, पासबुक आणि एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवा. घरी पैसे द्यायचे तर आनंदानं द्या, पण ते वहीत लिहून द्या. आणि शासकीय वसतिगृहात नंबर लागला नसेल तर २०१६-१७ पासून सुरू झालेल्या स्वाधार योजनेचा अर्ज चुकवू नका. पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांसाठी तिचे वर्षाला ६०,००० ठरले : भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. माझ्या वर्षभराच्या श्रमाच्या चौपट रक्कम आहे ही. हप्ता उशिरा येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो किती उशिरा आला, हे तिसऱ्या रकान्यात लिहा.

कार्यकर्त्यांनी प्रत्येक कॉलेजात तीन मागण्या लावून धराव्यात. ‘कमवा व शिका’ची कामं पाळीपाळीनं बदलावीत. मस्टरची प्रत दर महिन्याला विद्यार्थ्यांना दाखवावी. पैसे पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत जमा व्हावेत. यात क्रांतिकारक काही नाही, मान्य. पण या तीन मागण्यांसाठी दहा मुलांच्या वह्या एकत्र आल्या, तर ती दहा मुलं पुन्हा एकटी राहणार नाहीत. संघटना भाषणातून उभी राहते असं आपल्याला वाटतं. माझ्या अनुभवात ती बऱ्याचदा गळालेल्या ९७ तासांतून उभी राहते.

जय भीम!