रेडिओतली बाई कुठली?

आमच्या घरी नवा माणूस आला की पाण्याचा तांब्या पुढे करता करताच ‘गाव कुठलं?’ असं विचारलं जायचं. पाठोपाठ ‘कुणातलं?’ हेही यायचं, ते कशाला लपवा. रेडिओवर गाणाऱ्यांनाही आम्ही हाच नियम लावला होता. निवेदकानं नाव सांगून होतं न होतं तोच ओसरीवर कुणीतरी म्हणायचं, ‘कुठली म्हणायची ही?’

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या त्या घरात आम्ही चुलत-आत्ते भावंडं एकाच ताटलीतल्या शेंगा खात वाढलो. साठचं दशक सरत आलेलं, सत्तरचं पुढ्यात. डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला तेव्हा रेडिओ फळीवरून खाली आला. त्याचा एक कोपरा चेपला, पण आवाज गेला नाही. पुणं लागायचं, १९६३ पासून सांगलीही लागायला लागली, आणि रात्री खरखरीच्या आडून सिलोन.

घरात भाषा दोन. थोरले काका, म्हणजे आप्पा, शाळामास्तर. कुणी ‘पानी’ म्हटलं की ते तांब्या हातात तसाच धरून ठेवायचे, ‘पाणी’ म्हटल्याशिवाय द्यायचे नाहीत. ‘व्हय’ला बंदी, ‘न्हाय’ला बंदी, ‘हितं’ म्हटलं की कान पिरगळला जाई. आमच्यातल्या दादानं तर चौथीतच जीभ अशी पक्की केली, की तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांनी त्याला ‘पुण्याहून बदली होऊन आलात का?’ असं वडिलांना विचारायला लावलं. आप्पा आठवडाभर तेच सांगत होते. फक्त आजीवर त्यांचा इलाज चालत नव्हता. आजी ‘आरं, आप्पाला पानी दे’ म्हणायची आणि आप्पा निमूट पाणी प्यायचे.

लावणी लागली की आप्पा उठून आवाज बारीक करायचे. एकदा आजी ओसरीवर सुपात वाघ्या घेवडा निवडत बसली होती. फिक्या गुलाबी दाण्यांवर तांबड्या रेघा. खडे एका बाजूला, किडका दाणा दुसऱ्या. ठसक्यात लावणी सुरू झाली. नाव-गाव विचारणाऱ्याला ‘मी कोल्हापूरची’ म्हणून सुनावणाऱ्या लवंगी मिरचीची ती लावणी सगळ्यांना ठाऊक आहे. आप्पांचा हात बटणाकडे गेला तशी आजी म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे रं. मोठा कर. पोरगी आपल्याकडचीच हाय.’

आप्पा म्हणाले, ‘आई, ती मुंबईची आहे. सुलोचना चव्हाण. गिरगावातली.’

आजीनं सूप हललं तसं मान हलवली. ‘मंग नवरा आसंल आपल्याकडचा. त्यानं शिकवलं आसंल.’

यावर आम्ही खूप हसलो होतो. पुढे बाईंच्या मुलाखती वाचनात आल्या आणि हसू जिरलं. १९३३ साली मुंबईत जन्मलेली ही मुलगी आधी सुलोचना कदम. हिंदी चित्रपटात गायची, गझला गायची. लावणी गळ्यात होती, पण शब्द कुठे फेकायचा, कुठे दाबायचा, कुठल्या अक्षराला झटका द्यायचा हे लग्नानंतर नवऱ्यानं, श्यामराव चव्हाणांनी, शिकवलं. बाई त्यांनाच गुरू मानत. १९६२च्या ‘रंगल्या रात्री अशा’मधली ती लावणी जगदीश खेबुडकरांची, चाल वसंत पवारांची. आचार्य अत्र्यांनी बाईंना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं आणि ते बिरुद त्यांच्या नावाला कायमचं चिकटलं. बाई व्यासपीठावर कशा बसायच्या, हे ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे: दोन्ही खांद्यांवरून पदर, हातवारे नाहीत, जागचं हलणं नाही. सगळा तमाशा उच्चारात.

आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला कानानं कळलं होतं की हे बोलणं कुणीतरी घरात बसून घोटून घेतलेलं आहे.

सांगलीला दिलेली आत्या दिवाळीला यायची, आणि आली की आशा भोसले आमच्या घरातून सांगलीच्या नावावर व्हायच्या. ‘८ सप्टेंबर १९३३. सांगलीत. लिहून घ्या,’ असं ती वकिली थाटात सांगायची. दीनानाथ मंगेशकरांचं बिऱ्हाड तेव्हा सांगलीत होतं, ही गोष्ट खरीच. लताबाई शाळेत गेल्या ते कडेवर आशाला घेऊनच, आणि गुरुजी रागावले म्हणून शाळा सुटली, ही गोष्टही आत्या अशी सांगायची जणू ती त्याच बाकावर होती. मग दादा मुद्दाम काडी टाकायचा: ‘पण लता तर इंदूरची!’ जन्म इंदूरचा, वडील गोव्यातल्या मंगेशीचे, आजोळ खानदेशातलं थाळनेर, पहिली कमाई कोल्हापूर-पुण्याकडच्या चित्रपटांतली. आत्याकडे उत्तर तयार असे: ‘बिऱ्हाड सांगलीत होतं ना? मग झालं.’

दिलीपकुमारांनी एकदा लोकलच्या डब्यात अनिल विश्वासांसमोर लताबाईंना टोचून म्हटलं होतं, की मराठी माणसाच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. ही गोष्ट आमच्याकडे पोचली तेव्हा घर दुभंगलं. आप्पांना दिलीपकुमारांचं पटलं. उच्चारात हयगय नाही, हा त्यांचा धर्म. लताबाईंनी मौलवी ठेवून उर्दू शिकून घेतलं, हे ते आम्हाला उदाहरण म्हणून सांगत. आजीचा आक्षेप वेगळा होता. ‘भात आपण सनावारीच खातो. आपल्या बोलन्याला वास यायचाच तर जोंधळ्याचा यायचा.’

सुमन कल्याणपूर मात्र आमच्या नियमात कुठेच बसल्या नाहीत. जन्म १९३७ चा, ढाक्याचा. मूळ घर कर्नाटकच्या किनाऱ्यावरचं. मराठी भावगीत गाताना मात्र एकेक अक्षर असं स्वच्छ, की आप्पा शुद्धलेखनाच्या तासाला त्यांचा दाखला देत. १९७१च्या डिसेंबरात बातम्यांत सारखं ढाका ढाका चाललेलं असताना धाकट्या बहिणीनं विचारलं, ‘मग आता त्या बांगलादेशच्या झाल्या का?’ आप्पांनी रेडिओ बंद केला.

महंमद रफींचं मराठी गाणं लागलं, श्रीकांत ठाकऱ्यांची चाल, की आप्पा डोळे मिटून ‘ळ’ची वाट बघायचे. तो आला आणि मनासारखा आला की ‘पास’ म्हणायचे. अमृतसरकडच्या माणसाला ते उदारपणे गुण देत, आम्हाला नाही. महेंद्र कपूरही अमृतसरचेच. दादा कोंडक्यांच्या नंतरच्या चित्रपटांत आवाज त्यांचा. खुद्द दादांचं मूळ गाव भोरकडचं इंगवली, पण जन्म नायगावच्या चाळीतला. म्हणजे जत्रेतल्या तंबूत पडद्यावर जो आमच्यासारखा बोलणारा, आमच्यासारखाच अडखळणारा गडी दिसायचा, तो गिरणगावातला आणि गाणं लागलं की पंजाबातला. आम्ही पोट धरून हसत होतो आणि सकाळी शाळेत ‘पाणी, पाणी’ घोकत होतो. तेव्हा यातलं काही खटकलं नाही. आज खटकतं. बाहेरची माणसं मेहनतीनं जे तोंडात बसवत होती ते आमच्या तोंडातून मेहनतीनं काढून टाकलं जात होतं, आणि त्याचंच आम्हाला बक्षीस मिळत होतं.

दोन्ही भाषा एका गळ्यात नांदवणारे एकच सापडले, आणि तेही आपल्याच जिल्ह्यातले. शाहीर साबळे, वाईजवळच्या पसरणीचे. बालपणाचा काही काळ आजोळी अमळनेरला, तिथे साने गुरुजींचा सहवास. पुढे सगळं आयुष्य मुंबईत. पण मुक्तनाट्यात उभे राहिले की बोलणं पसरणीचं, आणि महाराष्ट्रगीत गायला लागले की प्रत्येक जोडाक्षर ताठ. २०२३ साली ते राज्यगीत झालं तेव्हा आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप गटावर दोन दिवस तोच विषय होता. शब्द नागपूरच्या राजा बढ्यांचे, चाल बडोद्यात वाढलेल्या श्रीनिवास खळ्यांची, आवाज सातारचा. आत्तेभावानं सांगलीचं कोण आहे यात, असं विचारून पाहिलं. कुणी दाद दिली नाही.

सांगलीकरांना तसं रागवायचं कारण नाही. बालगंधर्वांचं नागठाणं त्यांचंच, पलूस तालुक्यातलं. आमच्या एका काकांनी मात्र हयातभर ते नागठाणं साताऱ्याच्या दक्षिणेला हायवेवर आहे तेच, असं धरून चालवलं. एसटी तिथे थांबली की ते खिडकीतून हात जोडायचे. त्यांना खरं सांगायचं धाडस कुणी केलं नाही. शेजारच्या प्रवाशांनीही हात जोडलेले आम्ही पाहिले आहेत.

आता आमच्यातलं कोरेगावात कुणी फारसं नाही. पुणं, पनवेल, एक न्यू जर्सीला. ‘सैराट’ आला, करमाळ्याकडचं बोलणं सगळ्यांना आवडलं, कोथरूडची पोरं तसं बोलायचा प्रयत्न करायला लागली. गेल्या गणपतीत दादाच्या नातीनं सोसायटीच्या कार्यक्रमात सुलोचनाबाईंची लावणी घेतली. सूर बरा, पण उच्चार इंग्रजी शाळेचा. तिनं आजोबांना विचारलं, तुम्ही तर तिकडचे ना, म्हणून दाखवा. दादानं घसा खाकरला. बँकेत अधिकारी म्हणून निवृत्त झालेला, सत्तरीचा माणूस. त्यानं पहिली ओळ म्हटली ती आकाशवाणीच्या बातम्यांसारखी. दुसऱ्यांदा मुद्दाम गावठी करून म्हटली, तर ती नाटकातल्या नोकरासारखी. नात म्हणाली, ‘आबा, नको.’

शेवटी कोरेगावला धाकट्या काकूला फोन लावला. काकूची शाळा तिसरीतच सुटलेली, आप्पांच्या तावडीत ती कधी सापडलीच नाही. तिनं आधी ‘मला कुठं येतंय गानं’ म्हणून आढेवेढे घेतले, मग गॅस बंद करून स्वयंपाकघरात उभ्यानंच दोन कडवी नुसती बोलून दाखवली. पोरीनं ती मोबाईलवर रेकॉर्ड केली. त्यावर काकूनं तिला बजावलं, ‘आन् शेवटाला येवडं वरडायचं न्हाई. शब्द सोडायचा आन् त्येच्याकडं बगायचं.’