खानेसुमारीतले आम्ही चौघे

१९७० च्या दशकात आम्ही काही मराठी मास्तर मंडळी कॅनडातल्या सस्कॅचवानच्या खेड्यांत शिकवायला आलो, तेव्हा गाव शोधायला नकाशा लागत नसे. मुळाक्षरं पाठ असली की पुरे. ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीने रूळ टाकताना स्टेशनांना ए-बी-सी-डीच्या क्रमाने नावं दिली होती: फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इटुना, जॅस्मिन, केलिहर. बारशाला आत्याऐवजी कारकून बसला होता! दर सात-आठ मैलांवर स्टेशन, कारण घोडागाडीतून गहू घालून शेतकऱ्याने दिवेलागणीला घरी पोचायचं होतं.

आता तोच शेतकरी ट्रकमधून तासाभरात शंभर किलोमीटर जातो. मधल्या सगळ्या अक्षरांची त्याला गरज उरलेली नाही.

तेव्हा प्रत्येक गावाला धान्य साठवायचा लाकडी एलेव्हेटर असे, आपल्याकडे देवळाचा कळस असावा तसा लांबून दिसणारा. १९३३ साली कॅनडात असे साडेपाच हजारांहून अधिक होते. सुगीत त्यापुढे ट्रकांची रांग लागे आणि रांगेतच पावसाचा अंदाज, गव्हाचा भाव नि कुणाच्या मुलीचं कुठे जमलं हे सगळं कळे. धुळीने खोकून जीव जाई, हेही खरं.

आता दूरवर काँक्रीटची अवाढव्य कोठारं आहेत. तिथे खोकला नाही आणि रांगेतल्या गप्पाही नाहीत. १८९७ पासून चालत आलेली धान्यवाहतुकीची सवलत १९९५ मध्ये संपली आणि कितीतरी फाट्यांचे रूळ उखडले गेले. आमची लाइन मुख्य, म्हणून वाचली. मालगाड्या अजून धडधडत जातात. फक्त थांबत नाहीत.

तेव्हा तूरडाळ आणि हिंग टोरांटोहून यायचे, शेवटच्या टप्प्यात सरकारी बसने. दुकानदार फोन करायचा, "तुमचं वासाचं पार्सल आलंय!" आम्ही ते आणायला जायचो, कॉफी व्हायची, हिंगाची डबी चारजणांच्या नाकाखालून फिरायची. शरदात चर्चच्या तळघरात फाउल सपर, म्हणजे टर्कीचं गावजेवण असे. टर्की न खाणाऱ्या आमच्या ताटात बायका बटाट्याचा डोंगर आणि वर दोन जातींचा गोड 'पाय' (pie) वाढत. आग्रह अगदी आपल्या पंगतीसारखा, चौकश्याही तशाच. उणे चाळीस थंडीत रात्री गाडीच्या इंजिनाला ऊब देणारी वायर लावायला विसरलो, तर सकाळी ढकलायला शेजारी हजर, आणि दुपारपर्यंत आमचा विसराळूपणा गावभर.

आता हिंग दारात येतो, पण त्याचा वास कुणी विचारत नाही. १९४६ ची ती बससेवा २०१७ मध्ये बंद झाली. ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांचं डॉक्टरकडे जाणंही अवघड झालं. आमची हळहळ हिंगापुरती, त्यांची जिवाची.

कित्येक खेड्यांनी तर आपली ग्रामपरिषद स्वतःच विसर्जित केली. ऐकलं की आम्ही उसासे टाकतो: सरकारने असं करायला नको होतं, रेल्वेने तसं करायला नको होतं, तरुणांनी तरी थांबायचं होतं.

१९८१ च्या खानेसुमारीत आमच्या गावाच्या आकड्यात आम्ही चौघे होतो. १९८६ च्या खानेसुमारीत आम्ही कॅल्गरीत होतो.