तेरा मिलिमीटर



रिमोटचं विमान म्हटलं की आपल्याला जत्रेतलं खेळणं आठवतं. आम्ही आठवीच्या मुलांबरोबर जोडलं ते तसं नव्हतं. फोमचं, 90 सेंटिमीटर पंखांचं, बॅटरीसकट 700 ग्रॅमचं. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 28 मीटर. तुम्ही 'अरे बापरे' म्हणेपर्यंत ते मैदानाबाहेर गेलेलं असतं. म्हणून शाळेचं मैदान सोडून आम्ही काढणी झालेलं हरभऱ्याचं रान निवडलं. (तुम्हीही उडवणार असाल तर आधी डिजिटल स्कायच्या नकाशावर जागा बघा. हिरव्या भागात साधारण 120 मीटर उंचीपर्यंत परवानगी लागत नाही, लाल भागात मात्र परवानगीशिवाय उडवता येत नाही.)

जोडणीला तीन शनिवार गेले. त्यातला निम्मा वेळ सर्व्हो मोटर बरोबर मध्यावर आणण्यात गेला. सर्व्हो मध्यावर नसताना तार जोडली की पंखाची पट्टी कायम वाकडी राहते. आणि एक सांगून ठेवतो, घरात जोडणी करताना पंखा काढूनच ठेवायचा. बॅटरी लावलेली असताना चुकून थ्रॉटल सरकला तर तो पंखा बोटं बघत नाही.

शेवटी तोल बघायचा होता. पंखाच्या पुढच्या कडेपासून किती अंतरावर विमान दोन बोटांवर तोललं पाहिजे, ते पुस्तिकेत दिलेलं असतं. आमच्या पुस्तिकेत होतं 62 मिलिमीटर. पट्टी हातात घेतलेली मुलगी म्हणाली, "सर, आपलं 75 येतंय."

बॅटरी पुढे सरकवली की झाकण बसत नव्हतं. फोम थोडा कोरायला हवा होता. पण उशीर झाला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे रानात यायचे होते. मी म्हणालो, "तेरा मिलिमीटरनं काय होतंय गं!"

काय होतं ते रविवारी सकाळी कळलं. खेळाच्या सरांनी विमान फेकलं, त्याचं नाक वर गेलं. मी दाबलं तर खाली झेपावलं, ओढलं तर पहिल्यापेक्षा जास्त वर गेलं. शेपटीकडे जड असलेल्या विमानाचं असंच होतं. नाक जरा उचललं की ते आणखी उचलायला बघतं, आपण सावरायला जावं तर आपलंच सावरणं जास्त होतं. विमान हवेत उभं राहिलं, पंखावर कलंडलं आणि ढेकळांत आदळलं. राइट बंधूंचं 1903 मधलं पहिलं उड्डाण 12 सेकंदांचं होतं, आमचं जेमतेम चार.

ती मुलगी काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवारी मीच फळ्यावर गणित मांडलं. बॅटरी 180 ग्रॅमची, जागेपेक्षा 50 मिलिमीटर मागे. 180 गुणिले 50 म्हणजे 9000, भागिले 700 म्हणजे जवळजवळ 13. वर्गाला म्हणालो, हिनं मोजलं होतं, मी ऐकलं नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं. हसू दे.

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. पंखा नवा, नाक नव्यानं चिकटवलं. (थर्माकोलला फेविक्विक लावू नका, थर्माकोल विरघळतो. आमचा फोम वेगळा होता म्हणून चाललं.) आपटलेली बॅटरी फुगली होती, ती पुन्हा चार्जिंगला लावली नाही. रिसिव्हरही बदलला, त्यामुळे रिमोटमधली सगळी मांडणी पुन्हा करावी लागली.

या वेळी तपासणीची यादी त्या मुलीच्या हातात दिली. तिनं 'हो' म्हटल्याशिवाय विमान फेकायचं नाही, असं ठरलं. रानात मुख्याध्यापक आणि काही पालकही आले होते. तोल 62 वर. बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. मग ती म्हणाली, "सर, काडी उजवीकडे करा." मी केली. "उलटं आहे."

मी विमानाच्या समोर उभा होतो. मला बरोबर दिसत होतं. "बरोबर आहे की!" असं तोंडातून निघालंसुद्धा. ती म्हणाली, "मागं येऊन बघा ना सर."

मागे गेलो. काडी उजवीकडे केली की उजव्या पंखाची पट्टी वर उठायला हवी, आमची खाली जात होती. तसंच फेकलं असतं तर मी उजवीकडे वळवायला गेलो की ते डावीकडे कलंडलं असतं, आणि एवढ्या वेगात ते उमजायला वेळच मिळाला नसता. रिमोटमध्ये दिशा उलटी केली, पुन्हा तपासलं. एक पालक घड्याळ बघत होते. तिनं यादी परत पहिल्यापासून वाचायला घेतली, आणि मी गप्प उभा राहिलो.

मग "हो" म्हणाली.

विमान हातातून सुटलं आणि सरळ गेलं. जरासं डावीकडे ओढत होतं, ते ट्रिमच्या दोन टिचक्यांत गेलं. 50 मीटर उंचीवर दोन फेऱ्या सावकाश मारल्या, मग खाली आणून पूर्ण थ्रॉटल दिला. तो आवाज लिहून सांगता येत नाही. माझे पाय मात्र लटपटत होते, हे लिहायला हरकत नाही.

मुलांनी 60 मीटरवर दोन झेंडे रोवले होते. जाताना 2.0 सेकंद, येताना वाऱ्याविरुद्ध 2.4. म्हणजे सेकंदाला 30 आणि 25 मीटर, सरासरी 27.5, ताशी 99 किलोमीटर. एका मुलानं हरकत घेतली: एकूण अंतर भागिले एकूण वेळ केलं तर ताशी 98 येतात, मग खरं कुठलं? मुलगी म्हणाली, वाऱ्याचा भाग घालवायचा असेल तर वेगांचीच सरासरी घ्यायला हवी. त्यावर तिसरा म्हणाला, घड्याळ दाबताना बोट 0.2 सेकंद उशिरा पडलं तरी ताशी 10 किलोमीटरचा फरक पडतो, तुम्ही एकावरून काय भांडताय!

ते भांडण चालू असताना मी विमानाच्या पोटाला लागलेली माती पुसत होतो.