गुंतलेली लाइन

आमच्या इंदूरच्या घरी टेलिफोनच्या तिपाईला सुतळीने बांधलेली एक वही असे. ती अण्णांची. घरात फोन आला १९९१ साली, अर्ज केल्यानंतर सात वर्षांनी. तोवर नातेवाइकांच्या डायऱ्यांत आमचा म्हणून जो क्रमांक लिहिलेला असे तो समोरच्या घरचा होता आणि त्याच्यापुढे ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरे असत. स्वतःचा फोन आल्या दिवसापासून घरातून केलेला प्रत्येक बाहेरगावचा फोन अण्णा त्या वहीत नोंदवीत : तारीख, गाव, सुरुवात, शेवट. ग्वाल्हेरला माईआत्या, बडोद्याला मामा, हैदराबादला चुलत काका. आपल्याकडील जुन्या घराण्यांतल्या मुली एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात दिल्या गेल्या आणि माणसे अशी चार गावांत वाटली गेली. नव्वदीच्या दशकात रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव होत असे, त्यामुळे घरातले सारे जिव्हाळ्याचे बोलणे अकरा वाजल्यावरच व्हायचे. अण्णा पावणेअकरालाच खुर्ची ओढून फोनपाशी बसत. पलीकडे माईआत्याही तशाच बसलेल्या असत, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

या तिपाईवर मी २००० साली एक दुसरी वस्तू आणून ठेवली, ती म्हणजे मॉडेम. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले आणि १९९८च्या अखेरीस खाजगी कंपन्यांनाही ते देण्याची परवानगी मिळाली. मध्यमवर्गाच्या घरात ते शिरले त्यानंतर. तेव्हाचे इंटरनेट म्हणजे टेलिफोनचा एक कॉलच. संगणकाने १७२ने सुरू होणारा एक क्रमांक फिरवायचा, पलीकडच्या मॉडेमने तो उचलायचा, दोघांनी अर्धा मिनिट शिट्ट्या, घरघर आणि कर्कश किंकाळ्या काढून कोणत्या वेगाने बोलायचे ते ठरवायचे, मग नाव आणि परवलीचा शब्द तपासला जायचा आणि घड्याळाशेजारी दोन चिमुकले संगणक लुकलुकू लागायचे. मॉडेमवर ५६ के असे छापलेले असले तरी आमच्या तारेवर २८,८०० बिट्सच्या पुढे मजल क्वचितच जाई. एक मेगाबाइट उतरायला पाच मिनिटे. आणि स्थानिक कॉलची तीन मिनिटे म्हणजे बिलातले एक युनिट, हे अण्णांनी मला पहिल्याच दिवशी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दाखवले होते.

विंडोजमध्ये जोडणीची सोय होती, पण ती सरकारी खिडकीसारखी होती. काम होई, काम अडले तर खिडकी बंद. लाइन गुंतलेली असेल तर त्रुटी ६७६, पलीकडे कोणी उचलत नसेल तर ६७८, डायल टोनच नसेल तर ६८०, परवलीचा शब्द चुकला तर ६९१. हे आकडे मला अजून पाठ आहेत. जोडणी मध्येच तुटली तर तसे सांगणारी चौकट उमटे आणि संगणक स्वस्थ बसे. या उणिवांवर पोट भरणारी छोट्या सॉफ्टवेअरांची एक अख्खी जात त्या काळात निर्माण झाली होती. त्यांना डायलर म्हणत. खरे तर या जातीचा मूळपुरुष विंडोज ९५च्याही आधीचा. टास्मानियातील पीटर टॅटम यांनी ‘ट्रम्पेट विनसॉक’ नावाचा प्रोग्राम लिहिला नसता, तर विंडोज ३.१ वापरणाऱ्या असंख्य लोकांना इंटरनेटचे दर्शनच घडले नसते. वापरून पाहा, उपयोगी वाटला तर पैसे पाठवा, असा तो रोकडा विश्वासाचा व्यवहार होता; बहुतेकांनी वापरला आणि पैसे पाठवले नाहीत. २०११ साली काही जुन्या वापरकर्त्यांना ही गोष्ट आठवली आणि त्यांनी उशिराने का होईना, वर्गणी पाठवली. मला त्या बातमीने बरे वाटले होते, जरी मी पैसे पाठवणाऱ्यांत नव्हतो.

माझा डायलर संगणकविषयक एका इंग्रजी मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मिळाला. तो एकावर एक क्रमांक फिरवी. लाइन लागेपर्यंत हार मानीत नसे. बराच वेळ काही हालचाल नसली की कंपनी जोडणी तोडून टाकत असे, म्हणून तो दर दोन मिनिटांनी एक बारीकसा निरोप उगाचच पाठवून माणूस कामात असल्याचे भासवी. जोडणी तुटली तर ठरवून दिलेल्या सेकंदांनी पुन्हा जोडी. आणि प्रत्येक जोडणीची तारीख, सुरुवात, शेवट आणि अंदाजे खर्च एका फाइलीत लिहून ठेवी. ते पाहून अण्णा प्रथमच संगणकाविषयी आदराने बोलले. “हा माझ्यासारखाच आहे,” असे काहीसे ते म्हणाले.

त्या डायलरला साजेशी लाइन मी हळूहळू तयार केली. तीन गोष्टी केल्या आणि तिन्ही वेळा मी योग्य तेच करतो आहे, असे मला वाटत होते.

पहिली, मॉडेमचा आवाज बंद केला. त्या किंकाळ्यांनी आईची झोप मोडे. मॉडेमला जाणाऱ्या आज्ञांत ‘एम’ या अक्षरापुढे शून्य लिहिले की तो मुका होतो. या मुकेपणाचा गैरफायदा घेणारेही होते. १९९६-९७मध्ये अमेरिकेत काही जणांनी असा एक प्रोग्राम पसरवला होता, जो मॉडेमचा आवाज गुपचूप बंद करी, चालू जोडणी तोडी आणि थेट मोल्दोव्हा देशाचा क्रमांक फिरवी; बिल आल्यावर लोकांचे डोळे पांढरे झाले आणि तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला न्यायालयात जावे लागले. आमच्याकडे आयएसडी नव्हते, त्यामुळे ते भय नव्हते. पण त्या किंकाळ्या ही घराला मिळणारी सूचनाही होती, लाइन आता गुंतली आहे अशी, हे माझ्या ध्यानात आले नाही.

दुसरी गोष्ट, स्वयंपाकघराजवळचा जोडफोन. तो कोणी उचलला की जोडणी तुटे. मी तारेची जुळणी बदलून दोन्ही फोन मॉडेमच्या मागून घेतले. मॉडेम चालू असेतोवर फोन मृत. आता कोणी रिसीव्हर उचलला तरी माझे काही बिघडत नव्हते.

तिसरी, कॉल वेटिंग. मध्येच कोणाचा फोन आला की तारेवर जी टुकटुक होते, तिने मॉडेमचा संवाद विस्कटतो. विंडोजमध्ये कॉल वेटिंग तात्पुरते बंद करण्यासाठी एक रकाना होता, पण त्यात दिलेले संकेत अमेरिकेतले. आमच्या एक्स्चेंजला ते कळत नसत. म्हणून मी ती सेवाच बंद करवून घेतली. अण्णांना विचारले होते. ते म्हणाले, “तसाही आपल्याला अकराआधी कोण फोन करतो?”

डिसेंबर २००१मधली ती रात्र. एका ब्राउझरची नवी आवृत्ती निघाली होती, सुमारे पंचवीस मेगाबाइटची. अर्धवट राहिलेली फाइल पुढून उतरवून घेणारे सॉफ्टवेअरही मी बसवले होते. जेवणे आटोपून अण्णा लवंडले, मी आठ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी जोडणी केली आणि शेजारी पुस्तक घेऊन बसलो. घर शांत होते.

सव्वाअकराला दार वाजले. समोरच्या घरचे काका स्वेटरवर शाल घेऊन उभे होते. ग्वाल्हेरहून माझ्या आतेभावाचा फोन त्यांच्याकडे आला होता. माईआत्या संध्याकाळीच गेल्या होत्या. दादा पावणेनऊपासून आमचा नंबर फिरवीत होता. अडीच तास लाइन एंगेज. शेवटी त्याला आत्याच्या ट्रंकेत दहा वर्षांपूर्वीची डायरी सापडली आणि तिच्यात आमच्या नावासमोर तो जुना पी.पी. नंबर.

इंदूर ते ग्वाल्हेर आग्रा रस्त्याने सुमारे पाचशे किलोमीटर. रात्रीच्या बसने निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पोचे. ती बस निघून गेली होती. टॅक्सीची चौकशी केली, पण गुना-शिवपुरीकडचे डिसेंबरातले धुके आणि अण्णांचा दमा, आईने नको म्हटले. पहाटेच्या बसने आम्ही निघालो. तिकडे वाट पाहून, फोनवर बोलणे होऊन, दुपारी बाराला नेण्याचे ठरले होते. आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अण्णांना बहिणीचे शेवटचे दर्शन झाले नाही. सावडायला मात्र ते होते. अण्णांहून त्या सहा वर्षांनी मोठ्या. लहानपणी अण्णांची आई गेल्यावर त्यांना अंगाखांद्यावर वाढवले ते माईआत्यांनी, हे मला त्या तीन दिवसांत ग्वाल्हेरच्या बायकांच्या बोलण्यातून नव्याने कळले.

परत आल्यावर मी डायलरची फाइल उघडली. तीन ओळी होत्या, त्या मी तेव्हाच कागदावर उतरवून घेतल्या. पहिली जोडणी ८.४१ ते ९.५२, दुसरी ९.५३ ते १०.३०, तिसरी १०.३१ ते ११.१२. म्हणजे त्या अडीच तासांत लाइन दोनदा तुटली होती, दोनदा मोकळी झाली होती. पुन्हा क्रमांक फिरवण्यापूर्वी किती थांबायचे, या रकान्यात मूळचा आकडा साठ सेकंदांचा होता. तो पाचावर मी आणला होता. पाच सेकंदांत कोणाचा एसटीडी लागत नाही. साठ सेकंदांत लागला असता की नाही, हे सांगता येत नाही, ९.५२ला लागला असता तर शेवटच्या बसला धावत जाता आले असते, एवढे सांगता येते. वेळापत्रक मी नंतर स्टँडवर जाऊन पाहिले होते. ते पाहायला नको होते.

अण्णांच्या वहीतही त्या तारखेची नोंद आहे. ग्वाल्हेर, ११.२४ ते ११.२८. काकांकडून निरोप कळल्यावर दादाला केलेला फोन. पाव दरात. त्या अवस्थेतही त्यांनी वेळ टिपली, याचा मला आधी राग आला होता.

पुढच्याच महिन्यात त्या मासिकाच्या सीडीवर तो ब्राउझर आयताच आला.

मला कोणी काही बोलले नाही. दादाने “लाइन खराब असेल” असे स्वतःच म्हणून विषय मिटवला आणि मी तो मिटू दिला. अण्णांनी कधी विचारले नाही आणि मी सांगितले नाही; पण दोन्ही फोनची जुळणी मी पूर्ववत केली, कॉल वेटिंग परत घेतले, ‘एम’पुढचा शून्य काढला आणि त्या किंकाळ्या घरात पुन्हा ऐकू येऊ लागल्या. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये टपाल पाठवून-घेऊन झाले की फोन आपोआप ठेवण्याची सोय होती, ती चालू केली. पत्रे आधी लिहून ठेवायची, मग जोडायचे, पाच मिनिटांत तोडायचे. मधल्या काळात मी लिनक्सकडे वळलो. तिथल्या ‘केपीपीपी’ नावाच्या डायलरमध्ये तर देशोदेशींच्या टेलिफोनदरांचे नियम भरून खर्चाचा पैपैचा हिशोब ठेवता येई. विंडोजमधला जुना डायलर मी वापरत नव्हतो, पण काढलाही नव्हता. ती फाइल त्याच्याबरोबर जाईल, असे काहीतरी वाटत असावे.

जानेवारी २००५मध्ये सरकारी कंपनीचे ब्रॉडबँड सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते आमच्या गल्लीत पोचले. तार तीच. जुना मॉडेम माणसाच्या आवाजाचाच पट्टा वापरी, ३०० ते ३४०० हर्ट्झचा, म्हणून दोघांपैकी एकालाच बोलता येई. नवे यंत्र त्याच तारेवर आवाजाच्या कितीतरी वरच्या कंपनांवरून चालते आणि भिंतीपाशी बसवलेली एक छोटी डबी दोघांना वेगळे करते. हे सारे मी अण्णांना समजावून सांगत होतो. ते ऐकत होते असे वाटले नाही. त्यांनी विचारले, “आत्ता चालू आहे?” मी हो म्हटले, पडद्यावर एक पान उघडत होते. त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. डायल टोन मलाही ऐकू येत होता. मग त्यांनी भरदुपारी, पुऱ्या दरात, ग्वाल्हेरचा नंबर फिरवला, दादाला तिकडच्या थंडीविषयी विचारले, सुनेची चौकशी केली आणि फोन ठेवला. वही ओढून वेळ टिपली.

“तो तुझा डायलर आता काढून टाक,” ते म्हणाले.

मी काढून टाकला.